हॅकरच्या स्क्वाडमधले उरलेले तिघे

चौघांच्या स्क्वाडमध्ये एक जण हॅक वापरतो. कंपनीच्या यंत्रणेला ते सापडतं आणि त्याची आयडी बॅन होते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण काही दिवसांनी त्याच्यासोबत रोज खेळणाऱ्या दुसऱ्या मुलाचीही आयडी बंद होते. त्याच्या फोनमध्ये हॅक नसतो. नेम त्याने स्वतः धरलेला असतो, गोळ्या स्वतः झाडलेल्या असतात. फसवणाऱ्याच्या सोबतीने खेळला, एवढाच त्याचा दोष सांगितला जातो. ही शिक्षा न्याय्य आहे का, यावर ऑनलाइन खेळांच्या जगात गेली काही वर्षं वाद चालू आहे. त्या वादात कोणाचं काय म्हणणं आहे, कुठवर एकमत झालं आहे आणि कुठे घोडं अडलं आहे, याचा हा आढावा.

सातारा जिल्ह्यातल्या माणसारख्या तालुक्यातून हा प्रश्न पाहण्याला कारण आहे. दहिवडी, म्हसवड, गोंदवले किंवा शेजारचं आटपाडी, दिघंची इथे ऑनलाइन खेळ म्हणजे मोबाइलवरचा खेळ. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेला बीजीएमआय, नाहीतर फ्री फायर मॅक्स. इथला स्क्वाड बहुधा ओळखीचाच असतो: एका आळीतले, एका वर्गातले, एका भावकीतले चौघे. माण, खानापूर, आटपाडी या भागातले कितीतरी तरुण सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात दूरदूरच्या राज्यांत पांगलेले आहेत. त्यांच्यासाठी रात्रीचा एक गेम म्हणजे गावाकडच्या दोस्तांशी चार शब्द बोलण्याची सोयही असते. अशा ठिकाणी ‘अमक्यासोबत खेळू नका’ हा नियम खेळापुरता राहत नाही, तो मैत्रीत आणि नात्यात शिरतो. म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

प्रश्न आला कुठून

पूर्वी असे खेळ विकत घ्यावे लागत. फसवणूक करताना सापडलं की खात्यासोबत खेळाचे पैसेही बुडत, आणि त्या धाकाने बऱ्याच जणांना आवर बसे. पुढे खेळ फुकट झाले. काउंटर-स्ट्राइकचं त्या वेळचं रूप २०१८ च्या डिसेंबरात मोफत झालं. एपेक्स लेजेंड्स २०१९ मध्ये आणि व्हॅलोरंट २०२० मध्ये मोफतच आले. पबजी मोबाइल भारतात २०१८ मध्ये आला, तोही फुकट. खेळ फुकट म्हणजे खातंही फुकट. एक आयडी बॅन झाली तर हॅकर दहा मिनिटांत दुसरी काढतो. शिक्षेतला जोरच निघून गेला.

मग कंपन्यांचं लक्ष हॅकरच्या सोबत्यांकडे वळलं. हॅकरची आयडी टाकाऊ असते, सोबत्याची तशी नसते. तिच्यावर दोन-तीन वर्षांची मेहनत असते, पैसे देऊन घेतलेल्या स्किन असतात, नावापुढे कमावलेली रँक असते. टाकाऊ आयडीवरून हॅकर खेळतो, मारतो, जिंकतो आणि त्या जिंकण्याचे गुण सोबत्याच्या खऱ्या आयडीवर जमा होतात. काही जण हे पैसे घेऊन करतात, काही दोस्तीखातर. एपेक्स बनवणाऱ्या रिस्पॉन कंपनीने खेळ आल्यावर फार काळ न लोटता जाहीर केलं की स्वतः हॅक न वापरता हॅकरच्या पार्टीत खेळणं हीसुद्धा फसवणूकच धरली जाईल. व्हॅलोरंटच्या रायट कंपनीनेही हॅकरच्या जिवावर रँक चढवणाऱ्यांवर कारवाई सुरू केली. ओव्हरवॉच २ हा खेळ ऑक्टोबर २०२२ मध्ये मोफत झाला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ब्लिझार्डने हॅकरसोबत वारंवार गट करणाऱ्यांवर बंदीपर्यंतची कारवाई होईल असं सांगितलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सोबत्यांवरच्या कारवाईमागे नीतीचा विचार असेलही, पण तिची निकड आली ती खातं फुकट झाल्यामुळे.

भारतात या काळात खेळच मधून मधून नाहीसा होत होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय आणला, जुलै २०२२ मध्ये तो ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस परतला. हॅकर मात्र प्रत्येक वेळी खेळासोबत परतले. बीजीएमआय सुरुवातीपासून बॅन केलेल्या खात्यांच्या याद्या प्रसिद्ध करत आला आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरअखेरपासून त्याने आणखी एक कडक उपाय आणला: हॅक सापडला तर आयडीसोबत तो मोबाइलच कायमचा बॅन. या डिव्हाइस बॅनकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

सोबत्याला नेमकं काय दिसतं

सगळा वाद ‘त्याला माहीत होतं का’ या प्रश्नाभोवती फिरतो. त्यामुळे सोबत्याच्या मोबाइलवर काय दिसतं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

समजा चौघे खेळाच्या नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरले आहेत. एकाच्या फोनवर असा हॅक आहे की भिंतीपलीकडचा शत्रू त्याला चौकटीत दिसतो, अंतर मीटरमध्ये दिसतं. ही चौकट त्याच्याच फोनवर उमटते. बाकी तिघांच्या पडद्यावर काहीच वेगळं नसतं. त्यांना फक्त त्याचा आवाज येतो, “हिरव्या घराच्या वर दोघं हायत.” चांगल्या खेळाडूलाही पावलांच्या आवाजावरून हे कळतं, छोट्या नकाशावर पावलांच्या खुणाही उमटतात. एकदा अंदाज खरा ठरला तर कौतुक होतं. तो दर वेळी, पाऊल वाजण्याआधीच खरा ठरू लागला की शंका यायला हवी.

खरी परीक्षा सोबती मरतो तेव्हा होते. मेलेला खेळाडू जिवंत सोबत्याचा खेळ पाहत बसतो. तिथेही हॅकची चौकट दिसत नाही, पण नेमाचं टोक दिसतं. ते टोक बंद भिंतीवर एखाद्या अदृश्य माणसामागे सरकत जाताना पाहिलं, की सराईत खेळाडूला आणखी पुरावा लागत नाही. आठवडाभरापूर्वी खेळ शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ते कळेलच असं नाही. म्हणजे एकाच स्क्वाडमधल्या तिघांपैकी एकाला पक्कं ठाऊक, एकाला शंका आणि एकाला गंधवार्ता नाही, हे सहज शक्य आहे. कंपनीच्या नोंदीत मात्र तिघे सारखेच दिसतात. इतके गेम एकत्र, इतके विजय, इतके गुण.

कारवाईच्या बाजूचं म्हणणं

कारवाई योग्य मानणाऱ्यांचा पहिला आधार आहे नुकसान झालेल्याचा. बीजीएमआयमध्ये कॉन्करर ही वरची पायरी सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशे खेळाडूंपुरतीच असते. हॅकरच्या मदतीने एक जण तिथे पोचला की प्रामाणिकपणे खेळणारा पाचशेएकावा बाहेर राहतो. त्याच्या दृष्टीने हॅक कुणाच्या फोनवर होता याला अर्थ नाही. त्याची जागा गेली ती सोबत्याच्या आयडीमुळे.

दुसरा आधार धाकाचा. हॅकरला ग्राहक मिळतात ते सोबत्यांमधून. सोबत्याला आपली जपलेली आयडी जाण्याची भीती असेल, तर तो हॅकरला स्क्वाडमध्ये घेणार नाही आणि फुकट खात्यांवर चालणाऱ्या या व्यवहाराचा पायाच खचेल. तिसरं म्हणणं असं की ओळखीच्या स्क्वाडमध्ये ‘मला ठाऊक नव्हतं’ हे क्वचितच खरं असतं. यंत्रणेने आपोआप जोडून दिलेल्या रँडम सोबत्याची गोष्ट वेगळी. त्याला शिक्षा करावी असं या बाजूचं कुणी गंभीरपणे म्हणत नाही. आमंत्रण पाठवून, मित्रयादीतून, पुन्हापुन्हा एकत्र खेळणाऱ्यांबद्दलच हे बोलणं आहे.

या युक्तिवादातला धाकाचा भाग मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो एका खऱ्या अडचणीवर बोट ठेवतो. हॅकरला करायची शिक्षा बोथट झाली असेल, तर प्रामाणिक खेळाडूचं रक्षण करायचं कसं? विरोध करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. ते अजून पुरतं आलेलं नाही.

विरोधातलं म्हणणं

विरोधकांचा मूळ आक्षेप जुना आहे: ज्याने कृत्य केलं त्याला शिक्षा, त्याच्या शेजारी बसलेल्याला नव्हे. फौजदारी कायदाही नुसत्या हजेरीवर दोषी धरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ३४ मध्ये, अनेकांना एका कृत्यासाठी जबाबदार धरायचं तर सर्वांचा समान उद्देश दाखवावा लागतो.

महाराष्ट्रात या आक्षेपाला आणखी एक धार आहे. जातपंचायती एखाद्याला वाळीत टाकत तेव्हा शिक्षा त्या माणसापुरती थांबत नसे. त्याच्याशी बोलणारा, त्याच्या घरच्या लग्नाला जाणारा, त्याला विस्तव-पाणी देणारा यांनाही दंड होई किंवा तेही वाळीत पडत. बहिष्कार टिकायचा तो सोबत्यांना घातलेल्या या धाकावरच. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः कबड्डीचे नामवंत खेळाडू होते. त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतका पुढचा कायदा केलेल्या राज्यात ‘अमक्याशी संबंध ठेवलास म्हणून तुलाही शिक्षा’ हे वाक्य सहज पचत नाही.

ही तुलना कुठे संपते तेही सांगायला हवं. खेळाचं खातं बंद होणं म्हणजे पाणवठा बंद होणं नव्हे. वाळीत टाकलेल्याने बहुतेक वेळा काहीच गैर केलेलं नसे, हॅकरने केलेलं असतं. शिवाय खेळात शिरणं आपखुशीचं असतं आणि नियम आधी मान्य करावे लागतात. तरीही, सोबत्याच्या अपराधाची व्याख्या त्याच्या कृत्यावर करायची की त्याच्या संगतीवर, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच राहतो.

विरोधकांचा दुसरा आक्षेप यंत्रणेच्या चुकांबद्दल आहे. हॅकर ओळखणारी यंत्रणा क्वचित का होईना, चुकते. जिथे पहिलाच निष्कर्ष चुकीचा, तिथे त्याच्या आधारावर सोबत्यांना केलेली शिक्षा म्हणजे एका चुकीच्या चार चुका. पहिल्याचं अपील मान्य झालं तर उरलेल्या तिघांचे बॅन आपोआप उठतात का? सोबत्याला अपिलात सिद्ध तरी काय करायचं? आपल्या फोनवर हॅक नव्हता हे तर कंपनीही मान्य करते. आपल्याला माहीत नव्हतं, हे कुणी कसं दाखवावं?

मैदानावरचे दाखले

हा पेच ऑनलाइन खेळांआधी मैदानावर सोडवावा लागला होता आणि तिथले निकाल उपयोगी आहेत. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तिथे त्या दहाव्या आल्या. अशा शर्यतीत धावपटू एकटी जिंकते आणि एकटीच जबाबदार असते. रिलेत तसं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधलं जमैकाचं ४ बाय १०० मीटरचं सुवर्ण २०१७ मध्ये काढून घेतलं गेलं, कारण संघातल्या नेस्टा कार्टरच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं. त्यामुळे उसेन बोल्टच्या नऊ सुवर्णांपैकी एक गेलं. पण बोल्टवर बंदी आली नाही, त्याच्या नावाला दोष लागला नाही. गेलं ते फक्त त्या शर्यतीचं पदक. त्याउलट सिडनी २००० मधल्या अमेरिकन महिला रिले संघाच्या बाबतीत, मॅरियन जोन्सने उत्तेजक घेतल्याची कबुली दिल्यावर सहकाऱ्यांची पदकं काढली गेली, पण २०१० मध्ये क्रीडा लवादाने ती परत दिली. एकाच्या दोषामुळे पूर्ण संघ बाद करण्याचा नियम सिडनीच्या वेळी लिहिलेलाच नव्हता, हे त्यामागचं कारण. शिक्षा आधी लिहिलेल्या नियमानेच करता येते.

पूर्ण संघ बाद करणाऱ्या नियमाचा लाभ भारतालाही झाला आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेत आपल्याला रौप्य मिळालं होतं. बहारीनची धावपटू उत्तेजक प्रकरणात अडकल्यावर तिचा संघ बाद झाला आणि आपलं रौप्य सुवर्ण झालं. बहारीनच्या उरलेल्या तिघांचं काय, हे तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी विचारलं नाही.

संगतीच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा नियम जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत आहे. २०१५ पासून ‘निषिद्ध संगत’ हा वेगळा गुन्हा तिथे आला: बंदी घातलेल्या प्रशिक्षकाशी किंवा डॉक्टरशी खेळाडूने खेळाच्या कामासाठी संबंध ठेवायचा नाही. सुरुवातीला खेळाडूला आधी लेखी सूचना देणं बंधनकारक होतं. २०२१ च्या संहितेत ती अट गेली, पण समोरच्यावर बंदी आहे हे खेळाडूला माहीत होतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर आली. ही संगत टाळणं शक्यच नव्हतं, हे दाखवण्याची मुभा खेळाडूला आहे. हॅकरच्या सोबत्यांसाठी कुणाला नियम लिहायचा असेल, तर हा मजकूर समोर ठेवण्याजोगा आहे.

बुद्धिबळात असाच प्रकार थेट ऑनलाइन घडला. बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत, जिथून भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे पुढे आल्या, पट वैयक्तिकच मानला जातो. पण ऑनलाइन संघस्पर्धा आल्या आणि गणित बदललं. २०२० च्या प्रो चेस लीगची अंतिम लढत जिंकलेल्या आर्मेनिया ईगल्स संघाच्या एका ग्रँडमास्टरचे डाव नियमबाह्य ठरले. त्याचं खातं कायमचं बंद झालं आणि विजेतेपद सेंट लुईसच्या संघाकडे गेलं. संघातल्या इतरांनी किताब गमावला, पण त्यांच्यावर बंदी आली नाही.

भारतीय ई-स्पोर्ट्समधलं ठळक प्रकरण २०१८ चं आहे. शांघायमधल्या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारा प्रोग्रॅम सापडला. संघ बाद झाला, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली आणि मालक कंपनीने पूर्ण संघच मोडला. बाकी चौघांवर कुणी बंदी घातली नव्हती, तरी त्यांचा करार गेला तो गेलाच. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच खेळात उलट पेच आला. खेळातल्या एका दोषाचा फायदा घेतल्याबद्दल ३७ प्रशिक्षकांवर कारवाई झाली आणि त्यांच्या खेळाडूंना हे माहीत होतं का, हा प्रश्न उभा राहिला. खेळाडूंना सरसकट दोषी धरलं गेलं नाही.

निकाल आणि शिक्षा: दोन वेगळ्या गोष्टी

हे दाखले एकत्र पाहिले की एक रेघ स्पष्ट दिसते. फसवणुकीतून मिळालेलं परत घेणं ही एक गोष्ट, सोबत्याला दोषी ठरवून शिक्षा करणं ही दुसरी. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडा शर्यतीत दोन मालक आपापला एकेक बैल जोडून पैरा करतात. त्यातल्या एकाने आपल्या बैलाला शॉक दिला असेल, तर गाडी बाद व्हावी आणि बक्षीस दोघांचंही जावं, यावर कुणी वाद घालणार नाही. दुसऱ्या मालकाला पुढच्या मैदानांत बंदी करायची असेल, तर त्याला हे ठाऊक होतं का, हे आधी विचारावंच लागेल.

ऑनलाइन खेळांतला मधला मार्ग याच रेघेवरून जातो. युबिसॉफ्टने रेनबो सिक्स सीजमध्ये हॅकर सापडल्यावर त्याच्या सामन्यांचे गुण मागे फिरवायला सुरुवात केली. सोबत्यांनी कमावलेले गुण जातात, हरलेल्यांना त्यांचे परत मिळतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हॅक चालू सामन्यातच सापडला, तर सामनाच रद्द होतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची विश्वासार्हतेची गणना आणखी सौम्य आहे. कमी विश्वासार्ह सोबत्याला पार्टीत घेतलं की बाकीच्यांना तशी सूचना दिसते. म्हणजे बॅनआधी इशारा मिळतो, आणि इशारा मिळूनही खेळत राहणाऱ्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

गुण मागे घेण्याला मला कुठलाही ठोस आक्षेप दिसत नाही. निर्दोष सोबत्यानेही ते गुण हक्काने मिळवलेले नसतात. यावर दोन्ही बाजू बऱ्यापैकी एकत्र येतात. अडचण धाकाचीच उरते. जे मुळात आपलं नव्हतं ते गेलं, एवढ्याने पैसे देऊन रँक चढवणारा थांबेल का? त्याच्यासाठी बॅन लागेल हे मान्य केलं, तर तो वारंवारतेवर, आमंत्रण कुणी दिलं यावर आणि दिलेल्या इशाऱ्यावर आधारलेला हवा, आणि पहिल्याच वेळी कायमचा नको. एवढं या वादातून निघतं असं माझं मत झालं आहे. किती गेम म्हणजे ‘वारंवार’, हा आकडा कंपन्या गुप्त ठेवतात. आकडा कळला की हॅकर त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतील, ही त्यांची भीती खोटी नाही.

फोन एक, खेळणारे तीन

आता डिव्हाइस बॅन. शहरात फोन म्हणजे एक माणूस असं धरून चालतं. माणमध्ये चालत नाही. करोनाकाळात शाळेच्या तासांसाठी म्हणून घेतलेला एक फोन तीन भावंडांत फिरला. मोठा नोकरीवर गेला की जुना फोन धाकट्याकडे येतो. तालुक्याच्या गावी दुकानातून जुना फोन घेणं ही रोजची गोष्ट आहे, आणि त्या फोनवर आधी कुणी काय चालवलं, याची पावती दुकानदार देत नाही. मोठ्याने हॅक टाकून पाहिला, फोन बॅन झाला आणि दोन वर्षांनी धाकट्याने खेळ उतरवला, तर शिक्षा धाकट्याला. इथे सोबतसुद्धा नाही. नुसतं एक यंत्र वारशाने आलं आहे.

फोन नंबरवर बॅन जोडण्याची पद्धतही याच जातीची आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये एका नंबरावर जोडलेल्या खात्यांपैकी एक बॅन झालं की बाकीचीही बॅन होतात. बापाच्या नावाचं एकच सिमकार्ड घरभर वापरणाऱ्या कुटुंबाचा विचार हा नियम करताना झालेला नाही. डिव्हाइस बॅनमागचा हेतू योग्य आहे, कारण फुकट आयडीच्या खेळात अडवण्याजोगी गोष्ट फोनच उरते. पण वर पाहिलेल्या सर्व शिक्षांमध्ये निर्दोष माणसाला लागण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त आहे. फोन विकल्याचा किंवा घरातल्या घरात हस्तांतर झाल्याचा साधा पुरावा दाखवून बॅन उठवून घेण्याची वाट तरी असायला हवी.

दाद कुठे मागायची

सरकारी संस्थेने शिक्षा केली, तर ‘माझं म्हणणं ऐका’ हा नैसर्गिक न्यायाचा हक्क असतो. खाजगी कंपनीच्या करारात तो करारापुरताच मिळतो. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निपटारा करावा लागतो. २०२३ पासून त्याविरुद्ध अपील समित्याही आहेत. पण हे नियम मुख्यतः मजकुराबद्दलच्या तक्रारी डोळ्यांसमोर ठेवून झाले. खेळातल्या बॅनला ते कितपत लागू पडतात हा प्रश्न मोकळाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशाचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. ई-स्पोर्ट्स २०२२ च्या डिसेंबरातच क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले गेले होते. मान्यतेचा अर्थ असा की उद्या एखाद्या आयडीवरचा बॅन निवड चाचणीच्या आड येऊ शकतो. मग तो खाजगी कराराचा विषय राहणार नाही.

पुराव्याबाबत आपल्या न्यायालयाने एका वेगळ्या क्षेत्रात दिलेला निकष इथे लक्षात घेण्यासारखा आहे. २०२४ च्या नीट परीक्षेतल्या पेपरफुटीच्या प्रकरणाचे धागे लातूरपर्यंत आले होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. गैरप्रकार सर्वदूर पसरला आहे का आणि लाभ घेतलेल्यांना इतरांपासून वेगळं काढता येतं का, हे न्यायालयाने पाहिलं. वेगळं काढता येत असेल तर सर्वांना शिक्षा नको. खेळाच्या कंपनीकडे प्रत्येक गेमची, प्रत्येक आमंत्रणाची, प्रत्येक गोळीची नोंद असते. परीक्षा मंडळाच्या तुलनेत वेगळं काढणं तिला कितीतरी सोपं आहे.

अजून न सुटलेलं

सोबत्याला माहीत होतं याचा पुरावा हा पहिला अडथळा. कंपनीने पुरावा उघड केला तर हॅक बनवणारे शिकतात, लपवला तर सोबत्याला बचाव करता येत नाही. तटस्थ माणसाने तो बंद दाराआड पाहावा, ही सूचना अधूनमधून होते, पण लाखो आयडींच्या प्रमाणात ते करणार कोण आणि त्याचा खर्च देणार कोण? दुसरा अडथळा वयाचा. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि पालकांची संमती लागते. म्हणजे वय कंपनीला ठाऊक असतं, निदान सांगितलेलं वय तरी. वेळेसाठी वेगळा नियम आहे, तसा शिक्षेसाठी वेगळा नियम असावा का? चौदा वर्षांच्या मुलाने थोरल्या चुलतभावाला स्क्वाडमधून काढावं, ही अपेक्षा वाजवी आहे का?

तिसरी बाब भाषेची, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोललं जातं. कराराची कलमं इंग्रजीत असतात, बॅनची सूचना त्रोटक असते आणि अपिलाच्या अर्जात काय लिहायचं हे कुणी सांगत नाही. हॅकरसोबत खेळणं हा गुन्हा आहे, हेच मुळात किती मुलांपर्यंत पोचलं आहे? सिडनीच्या रिलेत लवादाने पदकं परत दिली ती नियम लिहिलेला नव्हता म्हणून. लिहिलेला आहे पण वाचता येत नाही, अशा नियमाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरतोच. बीजीएमआयसारखा खेळ मराठीत नियम दाखवू शकतो, स्क्वाडमधला एखादा बॅन झाला की उरलेल्या तिघांना ‘याच्यासोबत पुन्हा खेळलात तर तुमच्यावरही कारवाई होईल’ असा मराठीतला इशारा पाठवू शकतो. त्यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. असा इशारा सर्वत्र लागू झाला, तर पुढचा वाद निदान खऱ्या माहितीवर होईल.